देवाच्या वहीतलं नाव

“तिला हे कागदावरून कळता कामा नये, इव्रोझ. तोंडानं सांगा. जवळ बसून, हात हातात घेऊन. आणि जिचं आहे तिनंच सांगायचं, दुसऱ्या कुणी नाही. एवढं तिच्याकडून करून घे.”

आई हे बोलली तेव्हा तिला धाप लागत होती, तरी शब्द एकेक वेचून ठेवल्यासारखे आले. मायदेशातल्या कोरायच्या घरातली ती पलंगाची कड, उशीखालची जपमाळ, खिडकीतून येणारा समुद्राचा वास, सगळं आज मिस्सा चालू असतानाही इव्रोझच्या डोळ्यांपुढे होतं. “करून घेईन, आई,” असं ती म्हणाली होती. त्या गोष्टीला आज वर्ष झालं.

वर्ष पुरं झालं म्हणजे काळे कपडे उतरवायचे. मायामीतल्या त्यांच्या चर्चमधून वर्षश्राद्धाची मिस्सा आटोपून चौघं इव्रोझच्या घरी आली, तेव्हा धाकट्या बहिणीनं, मिर्लांदनं, पांढरा झगा घातलेला होता. भावाचा, ऑक्साणचा, सदरा पांढरा, मिर्लांदच्या नवऱ्याचा, फ्रिट्झनरचा, तर कॉलरला कडक इस्त्री करून आणलेला. इव्रोझ एकटी काळ्यात होती. डोक्याचा रुमालसुद्धा काळाच.

“ताई, विसरलीस की काय?” ऑक्साणनं दारातच विचारलं.

“विसरले नाही.”

“मग? लोक म्हणतील, थोरलीला रंगांचा कंटाळा आलाय.”

“एक काम राहिलंय रे. ते झालं की उतरवीन.”

ऑक्साण हसायच्या बेतात होता, पण त्याचं लक्ष मिर्लांदकडे गेलं आणि तो वाकून बूट काढू लागला. मिर्लांद पटकन वळून स्वयंपाकघरात कपबशा काढायला लागली. ऐकू आलं नाही असं दाखवायचं असलं की ती लहानपणापासून भांड्यांचा आवाज करायची.

इव्रोझनं आईच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. मंगळवारचा तिचा सेंट अँटनीचा उपास, शुक्रवारचा येशूच्या दुःखाचा, रोज दुपारी तीनला जपमाळ, हे तिनं या वर्षात एकदाही चुकवलं नव्हतं. म्हाताऱ्यांच्या सेवाघरात ती कामाला होती, तिथेही तीन वाजले की लिनन ठेवायच्या खोलीत उभ्यानं माळ ओढायची. पण नेम पाळणाऱ्या माणसालाच ठाऊक असतं, कोणता नेम सोपा म्हणून पाळला आणि कोणता अवघड म्हणून पुढे ढकलला.

सगळे टेबलाभोवती बसले. आल्याचा चहा होता, गोड पाव होता, ऑक्साणला आवडतात म्हणून सुक्या माशाचं सारण भरलेले पाते होते. ऑक्साण टॅक्सी चालवायचा आणि दिवसभर परक्या माणसांशी बोलून बोलून त्याला वाटायचं की जगातल्या प्रत्येक गोष्टीवर आपलं मत तयार आहे. आज मात्र तो नुसता खात होता. तेवढ्यात फोन वाजला.

“मारेन! मिस्सा झाली का तुमची?”

कोरायहून वाड्लीन होती, घरातली सगळ्यांत धाकटी. इव्रोझनं तिला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं होतं, म्हणून ती इव्रोझला ताई न म्हणता मारेन, म्हणजे धर्ममाता, म्हणायची. फोन टेबलावर मध्ये ठेवला की आवाज सगळ्यांना ऐकू येई.

“झाली गं बाई. तुझी?”

“आमची सकाळीच. चर्च भरलं होतं. आईच्या नावानं फादर किती बोलले! ओदिलियाकाकू तर इतकी रडली की मलाच तिला धरून बसवावं लागलं. मिमीताई आहे का तिथे? मिमीताई, तुझ्या त्या निळ्या चपला मी घातल्या हं, रागावू नकोस.”

“घाल गं,” मिर्लांद म्हणाली.

“आणि ऐका, एक बातमी आहे. ओदिलियाकाकूच्या सुनेचं बाळ आहे ना, त्याची मारेन व्हायला मलाच सांगितलंय! मी हो म्हटलं. आता फादर म्हणाले, तुझ्या स्वतःच्या बाप्तिस्म्याचा दाखला आण. ऑफिस बुधवारी उघडतं, बुधवारी सकाळीच जाते. कधी पाहिलाच नाही मी तो. आई म्हणायची, काय करायचाय बघून.”

ऑक्साणच्या हातातला पाता तोंडापर्यंत जाऊन थांबला होता.

“हॅलो? गेले का सगळे?”

“आहोत गं,” इव्रोझ म्हणाली. “चांगली बातमी आहे. थोड्या वेळानं मी फोन करते तुला. जेवून घे.”

फोन बंद झाला. मग फ्रिट्झनरनं चहाचा कप बाजूला सारला. तो मोजकं बोलणारा माणूस, इमारतींतल्या विजेच्या तारा ओढायचं काम करायचा. त्याला सवय होती, दिवे गेले की आधी सगळी घरं कशाला जोडलेली आहेत ते बघायचं.

“दाखल्यात काय आहे?” त्यानं विचारलं.

इव्रोझनं धाकट्या बहिणीकडे पाहिलं. मिर्लांद सदतीस वर्षांची होती, दोन लेकरांची आई होती, समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलात चादरींच्या खात्यावर बारा बायकांची मुकादम होती. पण या क्षणी ती सोळा वर्षांचीच दिसत होती.

“मिर्लांद, तू सांगतेस?” इव्रोझ हळूच म्हणाली. “का मी सांगू?”

हे विचारलं आणि तिची तिलाच लाज वाटली. आईनं काय सांगितलं होतं!

पण मिर्लांदनं टेबलाच्या कडेला दोन्ही हात लावले आणि ती बोलली. “दाखल्यात तिच्या आईचं नाव आहे. ते माझं आहे.”

फ्रिट्झनरनं खुर्ची तिच्याकडे वळवली.

“मी सोळा वर्षांची होते. तो डोंगरापलीकडचा, मास्तरांचा पुतण्या. कळलं तेव्हा तो सीमेपलीकडे ऊस तोडायला निघून गेला होता. आई म्हणाली, शाळा सोडायची नाही. बाळ झालं आणि आईनं ते सरकारदरबारी स्वतःच्या नावावर लावलं. आई तेव्हा पंचेचाळीस वर्षांची, कुणाला खोटं वाटलं नाही. कोरायमध्ये ज्यांना ठाऊक होतं ते बोलले नाहीत. वाड्लीन माझी बहीण झाली. मग तीच सवय झाली.”

“आणि चर्चमध्ये?”

“तिथे आई खोटं बोलली नाही,” इव्रोझ म्हणाली. “मी पोरीला घेऊन उभी होते. फादरांनी विचारलं, आईचं नाव? मला वाटलं, आई आपलं सांगेल. ती म्हणाली, मिर्लांद. बाहेर आल्यावर मी म्हटलं, अगं, हे काय केलंस? तर म्हणाली, ‘सरकारी ऑफिसात मी एकदाच जाणार. इथे मला रोज यायचंय.’”

ऑक्साण खुदकन हसला आणि लगेच डोळे पुसू लागला. आईचा आवाज इव्रोझनं अगदी तिच्यासारखाच काढला होता.

फ्रिट्झनर हसला नाही. “इथे राहायच्या परवान्याच्या आपल्या मुलाखतीच्या वेळी,” तो बायकोला म्हणाला, “मी शेजारी बसलो होतो. अधिकारीबाईनं विचारलं, मुलं आहेत? तू नाही म्हणालीस. माझी सही आहे त्या कागदावर.”

“आहे.”

“आणि पुढे नागरिकत्वाच्या वेळी?”

“तेव्हाही नाहीच लिहिलं. पहिलं जे लिहिलं तेच पुन्हा लिहावं लागतं, फ्रिट्झनर. बदललं तर विचारतात.”

“म्हणून म्हणतो,” ऑक्साणला आता सूर सापडला. “असलेलं हलवू नये. जन्मदाखल्यावर ती बहीण आहे, तर तिला इकडे आणायला बहीण म्हणूनच अर्ज टाका. सरळ रस्ता. फादरना फोन करून सांगू, दाखल्याची घाई करू नका. दुसरी कुणी मारेन होईल.”

“बहिणीच्या रांगेला किती वर्षं लागतात ते त्या वकीलबाईंनी सांगितलंय,” इव्रोझ म्हणाली.

दोन आठवड्यांपूर्वी ती मिर्लांदला चर्चच्या मागच्या हॉलमध्ये घेऊन गेली होती. तिथे शनिवारी एक वकीलबाई आपल्या लोकांचे कागद बघत बसायच्या. त्यांनी दोघींचं शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि बोटांवर मोजून हिशेब सांगितला होता. बहीण म्हणून बोलवायचं तर चौदा वर्षं, कदाचित जास्त. मुलगी म्हणून, ती एकवीस पूर्ण व्हायच्या आत आणि लग्नाआधी अर्ज पडला, तर वर्ष-दीड वर्ष. वाड्लीनला नऊ डिसेंबरला एकवीस पुरी होणार होती. आज ऑक्टोबरचा पहिला रविवार.

“चौदा वर्षांनी ती पस्तिशीची होईल,” इव्रोझ म्हणाली. “घरात एकटी. ओदिलिया आहे शेजारी, पण ओदिलियाचे गुडघे आपल्यालाच माहीत आहेत.”

“आणि मुलगी म्हणून टाकला आणि त्यांनी विचारलं, मग आधी का लपवलंत, तर?” ऑक्साणनं टेबलावर बोट आपटलं. “मिर्लांदचे कागद जातील. मग फ्रिट्झनरची सही. मग—” तो थांबला.

“मग काय, ऑक्साण?”

“काही नाही.”

“बोल ना.”

“मग साक्षीदार!” ऑक्साण एकदम म्हणाला. “जन्माच्या नोंदीखाली साक्षीदार कोण आहे, ठाऊक आहे? मी. तेवीस वर्षांचा होतो. आई म्हणाली, चल, सही कर, आणि येताना बर्फाचं सरबत घेऊन देते. मी गेलो. माझं तर अजून नागरिकत्वही झालेलं नाही.”

“सरबत दिलं का?” फ्रिट्झनरनं विचारलं.

“कुठलं! दुकान बंद होतं.”

तेव्हा मात्र मिर्लांदसुद्धा हसली. हसता हसता तिनं चेहरा ओंजळीत घेतला, आणि मग खांदे हलायला लागले ते हसण्यानं नव्हे. फ्रिट्झनर उठला नाही. त्यानं फक्त स्वतःचा रुमाल टेबलावरून तिच्याकडे सरकवला. इस्त्रीच्या घड्या त्यावर तशाच होत्या.

“आपलं लग्न झालं तेव्हा कोरायला आठवडाभर राहिलो होतो,” तो म्हणाला. “ती पोर अकरा-बारा वर्षांची होती. तू तिची वेणी घालत होतीस. ती ओढ बसली म्हणून ओरडली, तर तुझ्या डोळ्यांत पाणी. बहिणीची वेणी घालताना माझ्या बहिणी एकमेकींना चापट मारतात. मला तेव्हाच काहीतरी वाटलं.”

“मग विचारलं का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबलो. नऊ वर्षं थांबलो.” त्यानं कपाकडे पाहिलं. “मला माहीत होतं असं मी म्हणणार नाही, माहीत नव्हतं. पण विचारायचं टाळलं, ते माझंच. वकीलबाई म्हणाल्या तर तेही सांगीन.”

“तू रागावला नाहीस?”

“रागावलोय. पण तो घरी गेल्यावरचा विषय आहे. आत्ता बुधवारचं बघा.”

इव्रोझनं मनातल्या मनात क्रूसाची खूण केली. या माणसाला तिनं आजवर नुसता बरा जावई समजलं होतं.

“वकीलबाई आणखी काय म्हणाल्या?” फ्रिट्झनरनं तिला विचारलं.

“म्हणाल्या, मी वचन देऊ शकत नाही. विचारपूस होईल. पण आपण होऊन सांगणं वेगळं आणि सापडणं वेगळं. चर्चचा दाखला उपयोगी पडेल, तेव्हाच्या तेव्हा लिहिलेला आहे म्हणून. त्यावर आई-मुलीची तपासणी करावी लागेल, लाळेचा नमुना देऊन. नमुना वाड्लीनला स्वतः द्यावा लागणार. म्हणजे तिच्या नकळत काहीच होणार नाही.”

“झालं तर मग,” ऑक्साण म्हणाला, पण आवाजातला जोर गेला होता. “म्हणजे तिला सांगावंच लागणार.”

“ते एरवीही सांगावंच लागणार होतं रे. मी आईला शब्द दिला होता.” इव्रोझनं काळ्या रुमालाची गाठ सारखी केली. “आणि वर्ष घालवलं. मीसुद्धा तुमच्यातलीच. मला वाटलं, एखादा चांगला दिवस बघून सांगू. चांगला दिवस कुणाच्या कॅलेंडरात असतो?”

मिर्लांद डोळे पुसून तिच्याकडे वळली. आता जे येणार होतं ते इव्रोझला आधीच ऐकू आलं.

“ताई, तू जा. तू तिची मारेन आहेस. तुझं ती ऐकेल. तू समजावशील तसं मला जमणार नाही. मी फोनवर असेन ना. तू सांगून झालं की मला फोन दे.”

इव्रोझची बॅग खरं तर मनातल्या मनात भरून तयार होती. काळा झगा, प्रार्थनेचं पुस्तक, ओदिलियासाठी गुडघ्याचं मलम. सेवाघरातून चार दिवसांची सुट्टी तिला मिळाली असती. तिला जायचं होतं, फार जायचं होतं. पोरीला जवळ घेऊन बसायचं, केस कुरवाळायचे. मिर्लांदच्या वाट्याचं ओझं उचलायची तिला इतकी सवय होती की ते उचलताना ती स्वतःला चांगली वाटायची. आणि आत्ता, आईच्या फोटोपुढे, तिला तेच पाप म्हणून दिसलं.

“नाही,” ती म्हणाली.

“ताई!”

“आईनं तुझं बाळ स्वतःच्या नावावर घेतलं. ते प्रेमानंच घेतलं. मी तुझे शाळेचे कपडे शिवले, तुझ्या वतीनं वकीलबाईंशी बोलले, तेही प्रेमानंच. आता तुझं सांगणंही मी माझ्या तोंडावर घेतलं, तर तुझ्याकडे काय उरेल, मिमी? लाळ?”

“ताई, असं काय बोलतेस,” ऑक्साण पुटपुटला.

“बोलू दे,” मिर्लांद म्हणाली. ती आईच्या फोटोकडे वळली. “ती मला काय म्हणेल? उठून निघून गेली तर?”

“जाईल. कोराय केवढं आहे? समुद्रापर्यंत जाईल. तू दारात बसून राहा. आई बसायची तशी.”

“आणि मला आई म्हणालीच नाही तर?”

“नाही म्हणाली तर नाही. तिची आई ती गेली. ते कुणी हिसकावून घ्यायचं नाही. तू फक्त खरं सांगायचंस.” इव्रोझ उठली, प्रार्थनेचं पुस्तक आणलं आणि त्याच्या मागच्या पानांतून घडी घातलेला जुना कागद काढला. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिनं मागून घेतलेली दाखल्याची नक्कल होती, कडा चहाच्या रंगाच्या झालेल्या. “हा आधी दाखवू नकोस. आधी बोल. मग ती मागेल तेव्हा दे.”

मिर्लांदनं तो उघडला नाही. तिनं फक्त फ्रिट्झनरकडे पाहिलं.

“उद्या सकाळचं विमान पोर्ट-ऑ-प्रिन्सला दुपारपर्यंत पोचतं,” तो म्हणाला. “रात्री तिथेच मुक्काम, पहाटे जेरेमीकडे जाणारी बस. मंगळवारी तिन्हीसांजेपर्यंत कोरायला पोचशील. पोरांना मी बघतो.”

“केस विंचरायला जमतील तुला पोरीचे?”

“टोपी घालून पाठवीन शाळेत.”

फोन इव्रोझनंच लावला, पण मिर्लांदच्या हातात दिला. या वेळी तो टेबलावर मध्ये ठेवला नाही.

“वाडी? मी बोलतेय... नाही गं, चपलांचं नाही. ऐक, मी येतेय. उद्या निघते... अगं हो, खरंच... नाही, कुणी आजारी नाही. तुला काही सांगायचंय. बुधवारी तू ऑफिसात जाशील ना, आपण दोघी मिळून जाऊ. मी आल्याशिवाय जाऊ नकोस, एवढं ऐकशील माझं?”

पलीकडून खूप वेळ चिवचिवाट आला. मिर्लांद ऐकत होती, मान हलवत होती. मग म्हणाली, “ब्रेडफ्रूट तळून ठेव. हो. तेलात नाही, लोण्यात... बरं, बरं, तेलात.”

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “आनंदानं नाचतेय. मला आधीच अपराध्यासारखं वाटतंय.”

“वाटू दे,” इव्रोझ म्हणाली. “ते सोबतीला असू दे.”

सोमवारी सकाळी सहाची मिस्सा करून इव्रोझ बाहेर आली, तर फ्रिट्झनरची गाडी चर्चसमोर उभी होती. मिर्लांद खाली उतरली. कालचा पांढरा झगा तिनं घरी ठेवला होता आणि वर्षभराचा काळा पुन्हा घातला होता.

“हे कशाला?” इव्रोझनं विचारलं.

“तुझं काम राहिलंय म्हणालीस ना. ते माझंच आहे. झालं की दोघी मिळून उतरवू.”

इव्रोझनं बहिणीच्या कपाळावर क्रूस काढला आणि पिशवीतून गुडघ्याचं मलम काढून दिलं. “ओदिलियाला.”

मिर्लांदनं मलम बॅगेत ठेवलं. बॅगेच्या वरच्या कप्प्यात कागदाची ती घडी होती. तिनं ती हातानं एकदा चाचपून पाहिली. गाडीत बसण्याआधी ती चर्चच्या पायरीपाशी वाकली, पायरीला बोटं लावून ओठांना लावली, आई कोरायला करायची तसंच. मग ती, येताना बसली होती तशी मागच्या सीटवर न बसता, नवऱ्याच्या शेजारी बसली आणि हलक्या हातानं दार लावून घेतलं.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत इव्रोझ तिथेच उभी राहिली. मग तिनं जपमाळ काढली. तीन वाजायला अजून खूप अवकाश होता, पण तिनं पहिला मणी ओढला.